पुलाखालच्या कुटुंबांना ‘हटवा’ असं पत्र देण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीजवळच्या उड्डाणपुलाखाली राहणारी कुटुंबं गेल्या तीन-चार वर्षांत वाढली आहेत. ‘यांना हटवा’ असं पत्र वॉर्ड ऑफिसला द्यायचं सोसायटीत ठरलंय आणि सही करताना तुमचा हात अडला. ही माणसं येतात कुठून, गावी परत का जात नाहीत, निवारे असताना तिथे का जात नाहीत आणि यावर खरोखर चालेल असा उपाय कोणता, असं तुम्ही विचारलंय. मी मुंबईत बरीच वर्षं बेघर लोकांबरोबर काम करते. रात्रीच्या फेऱ्या, कागदपत्रं काढून देणं, दवाखान्यात नेणं, निवाऱ्याचं रोजचं कामकाज, हे सगळं हातून गेलंय. त्या आधारावर लिहिते. उत्तर लांब होईल.

‘बेघर’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भीक मागणारा किंवा नशेत पडलेला माणूस येतो. तुम्ही एकदा सकाळी सहा वाजता त्या पुलाखाली जा. मजूर नाक्यावर उभं राहायला निघालेले बिगारी दिसतील. पहाटेच फुलबाजारातून आणलेली फुलं ओवत बसलेल्या बाया दिसतील. गोणी खांद्यावर टाकून भंगार वेचायला निघालेल्या मुली, लग्नाच्या हॉलवर रात्रभर भांडी घासून नुकतीच परतलेली पोरं दिसतील. यातल्या बहुतेकांना शहरात काम आहे. म्हणून तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो: ज्या शहराला यांचं काम लागतं, त्या शहरात यांच्या कमाईत बसेल अशी राहायची जागा का उरली नाही?

तुमच्या पुलाखाली नेमकं कोण राहतं, यावर मात्र पुढचं बरंच अवलंबून आहे. मराठवाड्यातून दिवाळीनंतर येणारी आणि पेरणीला परत जाणारी मजूर कुटुंबं वेगळी. पिढ्यान्‌पिढ्या फुटपाथवरच असलेली पारधी, वडार कुटुंबं वेगळी. घरातून मारून हाकललेली बाई, मुलांनी सांभाळायचं नाकारलेले म्हातारे, मानसिक आजारात घरचा पत्ताच हरवलेला माणूस, परळला टाटा रुग्णालयाबाहेर पेशंटला घेऊन दिवस काढणारं झारखंडचं किंवा बंगालचं कुटुंब, ही सगळी माणसं जनगणनेत एकाच रकान्यात जातात. पण एकाला लागणारी मदत दुसऱ्याच्या काहीच कामाची नसते. सगळ्यांसाठी एकच उपाय सांगणारा माणूस भेटला, तर त्याने रात्री कधी फेरी मारलेली नाही असं खुशाल समजा.

संख्या वाढतेय का? २००१ च्या जनगणनेत देशात सुमारे १९.४ लाख बेघर होते, २०११ मध्ये १७.७ लाख. म्हणजे एकूण आकडा कमी झाला. पण शहरांचा आकडा वेगळा काढला तर तो याच दहा वर्षांत सुमारे ७.८ लाखांवरून ९.४ लाखांवर गेला. खेड्यात कमी झालं आणि शहरात वाढलं. मुंबईत तेव्हा सुमारे ५७ हजार बेघर नोंदले गेले. ही मोजणी झाली २८ फेब्रुवारी २०११ च्या एका रात्रीत. रात्रपाळीला गेलेला हमाल, पोलिसांच्या भीतीने उजेडापासून लांब झोपणारी एकटी बाई, बंद दुकानाच्या मागच्या बोळातली पोरं, ही एका रात्रीत सापडत नाहीत. त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असणार, असं या कामातला जवळजवळ प्रत्येकजण मानतो. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. पुढची २०२७ मध्ये आहे. तोवर तुम्ही-आम्ही डोळ्यांनी जे बघतो त्यावरच बोलावं लागतं, आणि पुलाखाली गर्दी वाढली हे तुमचं निरीक्षण माझ्या फेऱ्यांशी जुळतं.

आता ‘गावी का जात नाहीत’ याकडे येते. ज्यांना जाता येतं, ते जातातच. पेरणीला, जत्रेला, मतदानाला पूल निम्मा रिकामा होतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. परत येतात, कारण गावात चार भिंती असल्या तरी काम नाही. जमीन नाही, असली तर एक-दोन एकर कोरडवाहू, आणि डोक्यावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून माणसं मुंबईला आली तेव्हापासून ही वाट पडलेली आहे. प्रत्येक दुष्काळात ती थोडी रुंद होते, नंतर पुन्हा अरुंद होत नाही.

पारधी कुटुंबांचं आणखी वेगळं आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, त्यांत हे लोक होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की आजही पहिली चौकशी यांच्या पालावर होते. यांना ‘तुमचं गाव कुठलं?’ विचारलं तर पंचविशीतली बाई पुलाचंच नाव सांगते, कारण तिचा जन्म तिथला, तिच्या आईचं लग्नही तिथलं. अशा माणसाला गावी पाठवायचं म्हणजे नेमकं कुठे पाठवायचं?

शहराच्या बाजूने जे घडलं त्याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून इथे जरा रेंगाळते. मुंबईत गरीब माणूस पूर्वीही येतच होता. कोकणातून आलेला गिरणी कामगार कुठे राहायचा? गावकीच्या खोलीत. एका गावच्या मंडळींनी मिळून गिरणगावात एक खोली घेतलेली असायची. तिथे भिंतीला प्रत्येकाची एक ट्रंक, वळकटी आणि खुंटीवर कपडे. गिरणीत जशा पाळ्या, तशा खोलीत झोपायच्याही पाळ्या. जेवण खानावळीत. गोव्याहून येणाऱ्या खलाशांसाठी आणि कामगारांसाठी धोबीतलाव, माझगाव भागात गावागावांची ‘कूड’ होती. तिथेही किरकोळ वर्गणीत पेटी ठेवायला आणि पथारी टाकायला जागा मिळायची. ही घरं काही छान नव्हती. ढेकूण होते, दाटी होती, बायकांना तर तिथे जागाच नव्हती. पण नव्याने शहरात उतरलेल्या माणसाला पहिल्या रात्री पाठ टेकायला ती होती. घराच्या शिडीची ती सगळ्यात खालची पायरी होती आणि शहराने ती पायरीच काढून टाकली.

ती कशी गेली? १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते गरजेचंही होतं. पण नव्याने चाळी बांधून भाड्याने देणं मालकांना परवडेना. असलेल्या चाळींची डागडुजी थांबली आणि पागडीशिवाय खोली मिळेनाशी झाली. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यातून गिरण्या सावरल्या नाहीत, आणि कामगारांबरोबर त्यांच्या खानावळी आणि खोल्यांची ती सगळी व्यवस्था विस्कटली. पुढे त्या जमिनींवर टॉवर आले. आज खोली भाड्याने घ्यायची तर अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, दलालाचा एक महिना, पोलीस पडताळणी आणि आधार कार्ड लागतं. एवढं करूनही ‘जात कोणती, मुलं किती, मटण-मच्छी खाता का’ या प्रश्नांतून पार पडावं लागतं. महिन्याचं भाडं एक वेळ नाक्यावरचा मजूर भरू शकतो. एकरकमी डिपॉझिट मात्र तो जन्मात साठवू शकत नाही, कारण रोजच्या कमाईचे पैसे ठेवायला त्याच्याकडे जागाच नसते. दुसरीकडे, २०११ च्याच जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटीहून जास्त घरं रिकामी आढळली होती. घरं आहेत, पण या माणसाला मिळतील अशी नाहीत.

‘झोपडपट्टी पुनर्वसनात घरं मिळतात की’ असं कोणीतरी बैठकीत म्हणेलच. त्या योजनेत फुटपाथवरचं कुटुंबही कागदोपत्री पात्र ठरू शकतं. अट एवढीच की मोफत घरासाठी १ जानेवारी २००० पूर्वीपासून तिथे राहत असल्याचा पुरावा हवा. ज्याची ताडपत्री दर काही दिवसांनी उचलली जाते, त्याने पंचवीस वर्षांपूर्वीचा पुरावा जपून ठेवायचा कुठे?

याशिवाय दर महिन्याला नव्याने रस्त्यावर येणारी माणसं असतात, आणि ती बहुधा एकाच घटनेने येतात. नेहमीचं उदाहरण सांगते. पन्नाशीचा माणूस, वाशिमकडचा, दाटीच्या खोलीत कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका खाटेचं भाडं भरून राहणारा, इमारतींवर रंगकाम करणारा. कामाच्या परांचीवरून पडला, पाय मोडला, सरकारी दवाखान्यात महिनाभर राहिला. तेवढ्यात कॉट दुसऱ्याला गेली. पेटी कोणीतरी कुणाकडे ठेवली, पुढे ती सापडली नाही. आधार कार्ड त्या पेटीत. डिस्चार्ज मिळाला तेव्हा हातात कुबडी, फाइल आणि औषधांची पिशवी. पहिली रात्र दवाखान्याच्या गेटबाहेर, दुसरी पुलाखाली. सहा आठवड्यांपूर्वी भाडं भरणारा हा माणूस. त्या गेटवर त्याला कोणी दोन महिन्यांचं भाडं आणि एक कार्ड मिळवून दिलं असतं, तर तो पुन्हा कामावर गेला असता. वर्षभर रस्त्यावर काढल्यावर त्याच माणसाला उभं करायला कितीतरी पट खर्च आणि कष्ट लागतात. तोवर पाय वाकडा जुळलेला असतो, झोप लागावी म्हणून दारू सुरू झालेली असते आणि घरी तोंड दाखवायची लाज वाटत असते.

‘फुकटात राहतात’ हे वाक्यही तुमच्या बैठकीत येईल. रस्त्यावर राहणं स्वस्त नाही. शौचालयाला दर खेपेला पैसे, आंघोळीला वेगळे पैसे, मोबाइल चार्ज करायला टपरीवाल्याला पैसे, पिण्याचं पाणी विकत. स्टोव्ह जप्त झाला की पाचजणांचं जेवण वडापाववर. पावसाळ्यात ताडपत्री. रात्री अकराला शौचालयाला कुलूप लागलं की बायका पहाटेपर्यंत थांबतात, म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. लघवीच्या जंतुसंसर्गाची तक्रार मला इतक्या बायकांकडून ऐकायला मिळते, त्याचं मूळ इथे आहे. यात वयात आलेल्या मुलीची राखण धरा. कितीतरी आया रात्री आळीपाळीने जागतात, आणि मग दिवसा त्यांना झोपलेलं पाहून लोक आळशी म्हणतात.

आता तुमच्या पत्राबद्दल. ‘हटवा’ असं पत्र गेलं की बहुधा अतिक्रमणाची गाडी येते. तेव्हा काय होतं ते मी कितीदा पाहिलंय. लांबूनच ‘गाडी आली, गाडी आली’ असा ओरडा होतो. बाया आधी मुलं उचलत नाहीत, मुलं पळू शकतात. त्या आधी एक कॅरीबॅग उचलतात. त्यात दुसरी कॅरीबॅग, तिच्या आत तिसरी, आणि सगळ्यात आत आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक, दवाखान्याचा केसपेपर. ती पिशवी वाचली तर वाचली. एकदा एका बाईची गादीखालची पिशवी गादीसकट गाडीत गेली. ती गाडीमागे सिग्नलपर्यंत पळाली. मुलाला शाळेत घालायला आम्ही चार महिने खपून मिळवलेला दाखला त्यात होता. संध्याकाळी ती त्याच पुलाखाली, फक्त दोन खांब पलीकडे बसली होती. मला म्हणाली, “ताई, भांडी घेत्याल ती घेऊंद्यात. भांडी मिळत्यात. ह्यो कागुद कुठनं आनू?”

हटवण्याचा परिणाम एवढाच. माणसं दोन खांब पलीकडे किंवा पुढच्या पुलाखाली जातात. जाताना त्यांची कागदपत्रं, भांडी आणि दोन-चार दिवसांची मजुरी बुडते. म्हणजे घराच्या दिशेने ती जेवढी सरकली होती, तेवढी मागे येतात. तुमच्या पुलाखाली अलीकडे गर्दी वाढली असेल तर दुसऱ्या कुठल्यातरी पुलाखाली जाळ्या किंवा बाग झाली असण्याची शक्यता बरीच आहे.

कायदा याबाबत काय म्हणतो, तेही सांगायला हवं. १९८१ च्या भर पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या लोकांना उचलून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याचा निर्णय झाला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ या नावाने ओळखलं जातं. जुलै १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. ही माणसं कामाजवळ राहतात म्हणून जगतात. फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला नाही. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, हटवू नये असं बजावलं. तुमच्या सोसायटीतल्या लोकांचं ‘फुटपाथ चालण्यासाठी आहे’ हे म्हणणं कायद्यात बसतं. पण माणूस राहतो तिथे का राहतो, याचं उत्तरही याच निकालात आहे.

आणि निवारे? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास चालणारा निवारा उभारायला सांगितलं. २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याचे निकषही आले: किमान शंभर जणांची सोय, माणशी पन्नास चौरस फूट, पाणी, शौचालय, स्वयंपाकाची सोय. मुंबईची २०११ ची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. त्या हिशेबाने सव्वाशे निवारे हवेत. प्रत्यक्षात त्याच्या आसपासही नाहीत. पैसे आणि आदेश असून निवारे का होत नाहीत, हे तपासायला सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली.

जे निवारे आहेत, तिथेही जागा रिकाम्या असतात आणि पूल भरलेला असतो. याचं कारण लोकांना विचारलं की लगेच कळतं. पुलाखालची गजरेवाली मला म्हणाली, “तिकडं झोपाय मिळंल ताई, पन धंदा हितं हाय.” निवारा जर कामापासून दहा किलोमीटर लांब असेल, तर पहाटे चारला फुलबाजार गाठायचा कसा? नवरा एका निवाऱ्यात, बायको-मुलं दुसऱ्यात आणि चौदा वर्षांचा मुलगा तिसरीकडे, अशी फोड झाली तर कोणतं कुटुंब जाईल? सामान ठेवायला कुलपाचं कपाट नसेल तर कमाई कुठे ठेवायची? सकाळी आठला बाहेर काढत असतील तर रात्रपाळीच्या माणसाने झोपायचं केव्हा?

आणखी एक कारण आहे, ते सहसा कोणी बोलून दाखवत नाही: भीती. मुंबईत १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली पोलीस माणसाला पकडून न्यायालयापुढे उभं करू शकतात आणि तिथून चेंबूरच्या भिक्षेकरीगृहात रवानगी होऊ शकते. दिल्लीत हाच कायदा लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. महाराष्ट्रात मात्र तो अजून लागू आहे. रात्री गाडी थांबली आणि कोणी ‘चला, निवाऱ्यात सोडतो’ म्हटलं, तर लोक पळतात. गाडी निवाऱ्याची की भिक्षेकरीगृहाची, हे अंधारात त्यांनी कसं ओळखायचं?

इथवरचं एकदा जुळवून घेते. माणूस कामासाठी येतो. त्याला परवडेल अशी खोली शहरात उरलेली नाही. आजार, अपघात, मारहाण किंवा घर तुटणं यातल्या एका धक्क्याने तो रस्त्यावर येतो. तिथे राहण्याचा खर्च आणि वारंवार हटवलं जाणं यामुळे तो तिथेच अडकतो. उपायही याच क्रमाने बघायला हवेत.

पहिला उपाय धक्का बसतो त्या जागी. सरकारी दवाखान्यांत समाजसेवा अधीक्षक असतात. डिस्चार्जच्या आधीच ‘तुम्ही जाणार कुठे?’ हा प्रश्न विचारला गेला आणि त्यांच्या हाती थोडी रक्कम व जवळच्या निवाऱ्याची खाट असली, तर कितीतरी माणसं रस्त्यावर येणारच नाहीत. तुरुंगातून सुटणाऱ्यांचं, अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांचं आणि मारहाणीमुळे घर सोडणाऱ्या बायकांचंही तेच. यात मोठं बांधकाम लागत नाही, म्हणूनच बहुधा याकडे लक्ष जात नाही. महाराष्ट्राला हे नवीन वाटू नये. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत ‘बेघरांना आसरा’ आहे आणि तो आसरा कुठे हवा हेही त्यांना नेमकं कळलं होतं. त्यांनी धर्मशाळा बांधल्या त्या पंढरपूर, नाशिक, आळंदीला जशा, तशाच मुंबईत रुग्णांसाठीही. दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही बाहेरगावच्या कॅन्सर पेशंटना आसरा देते. परळच्या फुटपाथवर जी गर्दी दिसते, ती अशा आणखी जागा हव्यात म्हणून.

दुसरा, निवारा कामाजवळ. बाजार, रेल्वे स्थानक, मजूर नाका, मोठा दवाखाना, यांच्यापासून चालत जाता येईल अशा अंतरावर. त्यासाठी नवी जमीन लागेलच असं नाही. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या पालिका शाळा, मंडईचे रिकामे वरचे मजले, वापरात नसलेल्या सरकारी इमारती प्रत्येक वॉर्डात शोधल्या तर सापडतात. कुटुंबासाठी पार्टिशन, एकट्या बायकांसाठी स्वतंत्र जागा, कुलपाचं कपाट आणि रात्री कधीही आत यायची मुभा, एवढं असलं की निवारा भरतो.

तिसरा, कागद. माझ्या मते हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. एक उदाहरण देते. बेघर माणसाला मतदार ओळखपत्र मिळू शकतं आणि त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही. अर्जात झोपण्याची जागा लिहायची. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री तिथे येऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का, ते बघतो. ही सोय नियमात आहे, पण अधिकाऱ्याला रात्री घेऊन जाणारं कोणीतरी लागतं, आणि त्या रात्री तो माणूस जागेवर सापडावा लागतो. म्हणजे नेमकी त्याच आठवड्यात गाडी येऊन चालत नाही. एक कार्ड हातात आलं की बँक खातं, रेशन, निराधार योजनेचा अर्ज, एकेक दार उघडू लागतं. मुलांच्या शाळेसाठी तर थांबायचंही कारण नाही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे.

चौथा, भाड्याची जागा. निवारा हे घर नव्हे. तिथून पुढे जायला खोली लागते. २०२० च्या टाळेबंदीत मजूर पायी निघालेले सगळ्या देशाने पाहिले आणि त्यानंतर केंद्राने भाड्याच्या परवडणाऱ्या घरांची योजना आणली. सरकारच्या रिकाम्या सदनिका मजुरांना भाड्याने द्यायच्या, ही कल्पना अगदी योग्य होती. काम मात्र फार संथ झालं. मालकीचं घर देण्यावर आपला सगळा जोर आहे, पण नाक्यावरच्या मजुराला मालकीचं घर नको असतं, त्याला आज रात्री परवडणारी खाट आणि सहा महिन्यांनी परवडणारी खोली हवी असते. गावकीच्या खोलीची आजची आवृत्ती, बायकांना आणि कुटुंबांनाही जागा देणारी, पालिकेने किंवा सहकारी संस्थांनी चालवलेली, डिपॉझिट न मागणारी, ही माझ्या मते सगळ्यात मोठी गरज आहे. रोज थोडं थोडं साठवायची सोय झाली तर लोक साठवतात. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी १९८० च्या दशकात ‘महिला मिलन’ उभारून रोजची बचत सुरू केली. पुढे बरीच वर्षं चिकाटी धरून त्यांच्यातल्या अनेक कुटुंबांनी मानखुर्दला घरं मिळवली. वेळ फार लागला, पण फुटपाथवरची बाई घराचं नियोजन करू शकत नाही, हा समज तिथे कायमचा खोटा ठरला.

मानसिक आजार असलेल्या माणसाचा मार्ग अगदी स्वतंत्र आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा असा माणूस भटकताना आढळला तर त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. उपकार नव्हे. कर्जतला डॉ. भरत वाटवाणी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना उपचार देऊन देशभरातल्या त्यांच्या घरी पोहोचवलंय. त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. फिनलंडमध्ये २००८ पासून ‘आधी घर, मग उपचार’ हे धोरण राबवलं आणि दीर्घकाळ बेघर असणाऱ्यांची संख्या खूप कमी झाली. तिथे पालिकांकडे भाड्याची घरं होती, आपल्याकडे नाहीत, त्यामुळे ते जसंच्या तसं चालणार नाही. पण एकटे वृद्ध आणि बरे झालेले मनोरुग्ण यांच्यासाठी लहान लहान गटांची घरं आपल्याकडेही शक्य आहेत.

आता तुम्ही काय करायचं. बैठकीत ‘सहीच करणार नाही’ म्हणून गप्प बसू नका, कारण पत्र तुमच्याशिवायही जाईल. पत्रातली मागणी बदलायचा प्रयत्न करा. त्याआधी दोन-तीन जणांनी पुलाखाली जाऊन बोला. घोळक्याने नको, मोबाइलने फोटो काढत नको, सोबत एखादी बाई असू द्या. किती कुटुंबं आहेत, लहान मुलं किती, कोणी गरोदर किंवा आजारी आहे का, कामाला कुठे जातात, कोणाकडे कुठला कागद नाही, एवढंच विचारा. मग वॉर्ड ऑफिसच्या समाज विकास विभागाला आणि बेघरांच्या निवाऱ्यांचं काम बघणाऱ्या कक्षाला उद्देशून लिहा: या कुटुंबांचं सर्वेक्षण करा, चालण्याच्या अंतरावर निवाऱ्याची जागा ठरवा, तोवर शौचालय रात्रभर उघडं ठेवा, कागदपत्रांसाठी एक शिबिर घ्या, आणि जागेची पर्यायी सोय होईपर्यंत सामान जप्त करू नका. तुमच्या लोकांना फुटपाथ मोकळा हवा आहे, तो मोकळा होण्याचा मार्ग यातूनच जातो. गाडी बोलावून तो फार तर आठवडाभर मोकळा राहतो, हे त्यांनाही अनुभवाने पटेल.

परिसरात बंद पडलेली पालिका शाळा किंवा रिकामी सरकारी इमारत असेल तर पत्रात तिचा पत्ता द्या. ‘जागा नाही’ हे पहिलं उत्तर येतं, ते तिथेच अडतं. थंडीत ब्लँकेट वाटायची इच्छा असेल तर जरूर वाटा, पण त्याआधी प्रत्येक कुटुंबाला कागद ठेवायला एक झिपवाली वॉटरप्रूफ पिशवी द्या आणि सगळ्या कागदांच्या झेरॉक्स व फोटो काढून एक संच सोसायटीच्या ऑफिसात ठेवायची तयारी दाखवा, अर्थात त्यांची इच्छा असेल तरच. पत्राची पोच घ्या, पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन विचारा, आणि हे सगळं मे महिन्याच्या आत करा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सर्वेक्षणाला कोणी फिरकत नाही आणि त्या कुटुंबांना सगळ्यात जास्त गरज तेव्हाच असते.